चोवीसपट लांबून

आमच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते.

संध्याकाळची वेळ होती, मी कारखान्यातून परतत होते. पाय पुरुषाचे होते. बूट स्वच्छ होते आणि मोजे एकमेकांशी जुळत होते. चोर मोजे जुळवून घालतात का, यावर मी क्षणभर विचार केला आणि मग घसा खाकरला.

"कोण आहे?"

"एक मिनिट," गाडीखालून आवाज आला. "सायलेन्सरपाशी आहे."

"ते दिसतंय. का आहात?"

"त्रेसष्ट पूर्णांक... अहो, तुम्ही बोललात आणि माझा आकडा गेला!"

"पोलिसांना बोलावते. ते शोधून देतील."

पाय स्तब्ध झाले. मग सरपटत सरपटत सगळा माणूस बाहेर आला. कपाळावर वंगणाचा पट्टा, कानामागे पेन्सिल, आणि हातात... व्हर्निअर कॅलिपर. माझा राग तिथेच निम्मा झाला. व्हर्निअर घेऊन चोरीला निघालेला माणूस मी तरी ऐकला नव्हता.

"मी गाडी चोरत नाहीये," तो उठून बसत म्हणाला. "फक्त तिची मापं घेतोय."

"का? कपडे शिवणार आहात तिला?"

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसले आणि तोंड मागून आलं. "तिच्यासारखीच दुसरी करायचीय. एवढी." त्याने तळहात पुढे केला. तोही वंगणाने काळा होता.

तेवढ्यात दार उघडून आई बाहेर आली. तिने चष्मा कपाळावर सरकवला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "अगंबाई! हा तर रिव्हर्स!"

इथे आईबद्दल थोडं सांगायला हवं. आईने आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं, तेही याच गाडीवर. आमच्या शहरात जो कोणी धड गाडी चालवतो तो आईचा विद्यार्थी, आणि जो चालवत नाही तोही बहुतेक तिचाच. तिला विद्यार्थ्यांची नावं लक्षात राहत नसत. चुका राहत. त्यामुळे तिच्या बोलण्यात 'क्लचबाई', 'हॉर्नवाला', 'डोळेमिट्या' अशी माणसं येत-जात. परीक्षेच्या दिवशी साहेबांनी "चला" म्हटल्यावर एक मुलगा मागे गेला होता आणि थेट कुंपणात घुसला होता, ही गोष्ट मी घरात अनेकदा ऐकली होती. तो मुलगा आता माझ्यासमोर जमिनीवर बसला होता.

"बाई, तेव्हा मी घाबरलो होतो," तो म्हणाला.

"तू? घाबरलं होतं ते कुंपण." आई पायरी उतरून आली. "आणि गाडीखाली काय करतोस? मला विचारायचं नाही?"

"तुम्ही शाळा बंद केली, गाडी भंगारात जाणार, असं कळलं. म्हटलं, त्याआधी... आणि विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, आधी एक चक्कर मारून दाखव."

गाडी जाणार हे खरं होतं. आईचे गुडघे थकले होते. ती बसायची त्या बाजूलाही ब्रेकचं पेडल होतं, आणि ते दाबायला गुडघा लागतो. तिने शाळा बंद केली आणि पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गाडी न्यायला भंगारवाल्याला सांगून टाकलं. रोज सकाळी गाडीची काच मात्र अजून पुसत असे.

"छोट्या गाड्यांचा नाद आहे मला," तो मला सांगू लागला. "अगदी खऱ्यासारख्या करतो. चोवीस पट लहान. पण बाजारात सुटे भाग मिळतात ते शर्यतीच्या गाड्यांचे. ज्या गाडीत बसून अर्धं शहर रडलं, तिचं मॉडेल कोणी काढत नाही. म्हणून ही मीच पातळ प्लास्टिक कापून करणार."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग गाडीकडे. "रविवारी ये," ती म्हणाली. "इतर दिवशी मला वेळ नसतो."

आईला सगळेच दिवस वेळ असतो. पण मला सुट्टी रविवारीच असते. हे माझ्या लक्षात यायला बरेच रविवार जावे लागले.

तो येऊ लागला. गाडीची दारं उघडून, सीट सरकवून, काचेची पट्टी चिमट्याने उचलून तो मापं घ्यायचा आणि मी वाफाळता चहा घेऊन पायरीवर बसायचे. तो खोटे दात बनवायचा, म्हणजे दातांच्या डॉक्टरांसाठी. एका छोट्या खोलीत दिवसभर बसून लोकांच्या हसण्यात बसेल असा एकेक दात घडवायचा. त्याच्याकडची हत्यारं तीच: बारीक कोरण्या, सुईएवढे ब्रश, भिंग.

"दिवसा दात, संध्याकाळी गाड्या," तो म्हणाला. "माझी ताई म्हणते, एक दिवस अदलाबदल होईल आणि कुणाच्या तरी तोंडात रेडिएटर बसेल."

मी हसले. तो माझ्याकडे पाहत राहिला. जरा जास्तच वेळ. माझ्या कानांना ऊब आली.

"वरचा, डावीकडचा," तो गंभीरपणे म्हणाला. "तो तुमचा मूळचा दात नाही ना?"

मी तोंड मिटलं. लहानपणी सायकलवरून पडून तो तुटला होता. त्यानंतर आजपर्यंत, आईशिवाय, कोणालाही कळलं नव्हतं.

"काम फार छान झालंय हो," तो घाईघाईने म्हणाला. "फक्त... अर्धी छटा फिका आहे."

"तुम्ही सगळ्याच मुलींशी असं बोलता?"

"नाही. बाकीच्यांच्या दातांपर्यंत नजर जात नाही."

हे कौतुक होतं की अपमान, याचा निकाल मला लावता आला नाही. पुढचे दोन आठवडे मी तोंड मिटून हसले.

मी रंगाच्या कारखान्यात आहे. लोकांना वाटतं मी रंगवते. मी रंगवत नाही, जुळवते. कुणी पडद्याची चिंधी आणतं, कुणी फुटक्या फरशीचा तुकडा, आणि म्हणतं, हाच रंग हवा. आमच्याकडे एक यंत्र आहे. वस्तू त्याच्यासमोर धरली की ते रंगाचे तीन आकडे सांगतं. तेच तीन आकडे दुसऱ्या वस्तूचे आले की रंग जुळला. मला हे काम आवडतं. त्यात वाद नसतो.

वाद आमच्या गाडीपाशी मात्र होता. गाडी मूळची फिकट हिरवी, बडीशेपेच्या रंगाची. आता टप उन्हाने पांढुरका पडला होता, दारं पिवळट झाली होती. तो म्हणायचा, आहे तशी करू. आई म्हणायची, मी माझी गाडी मळकी दाखवू देणार नाही.

"बरं, रंग नवा करतो. पण पोचे ठेवू द्या बाई. पोच्यांशिवाय ही गाडी कोणाचीही वाटेल."

आई गाडीभोवती फिरली. "हा ठेव, हा बँकेतल्या साहेबांचा. हा क्लचबाईचा, ठेव. मागचा तर तुझाच आहे, ठेवायलाच पाहिजे. हा मात्र काढ."

"का? हा तर छान खोल आहे."

"काढ म्हणते ना. हा माझा आहे."

तो इतका हसला की त्याच्या हातातली पेन्सिल गाडीखाली गेली. ती काढायला आम्ही दोघं एकदमच वाकलो, आणि... डोकी आपटली. पेन्सिल तिथेच राहिली.

नवा रंग जुळवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऊन कधी पोचलंच नव्हतं. तिथला रंग मी यंत्राने वाचला आणि एका छोट्या बाटलीत हुबेहूब तयार केला. तिन्ही आकडे जुळले. ती बाटली त्याच्या हातात देताना मला वाटलं, मी याला दिलेली ही पहिली वस्तू. मग वाटलं, काय हा वेडेपणा, बाटलीत रंगच तर आहे.

आठवड्याने त्याचा फोन आला. "जरा येऊन बघता का? काहीतरी... चुकतंय."

तो ताईच्या घरी राहायचा. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्याच्या ताब्यात होता. टेबलावर चिमटे, कपड्यांना लावायचे प्लास्टिकचे चाप, आणि रंगाचे नमुने फवारलेले चमचे. पांढऱ्या प्लास्टिकच्या चमच्यांवर रंग कसा बसतो ते आधी पाहायचं, अशी या नादवाल्यांची पद्धत असते.

"हीच का ती रंगवाली?" ताईने दारातच विचारलं. "बरं झालं आलीस. माझ्या घरात खायला चमचा उरला नाही तुझ्यापायी. आणि याला विचारावं तर दुसरं काही बोलतच नाही—"

"ताई, चहा," तो म्हणाला.

"चहा चमच्याशिवाय करू?" म्हणत ती आत गेली.

पालथ्या घातलेल्या काचेच्या वाडग्याखाली, धूळ बसू नये म्हणून, आमची गाडी ठेवली होती. त्याने वाडगा उचलला आणि मी टेबलाशी वाकले. दारांच्या फटी, पुढच्या दिव्यांची वर्तुळं, टपावरची पाटी, बँकेतल्या साहेबांचा पोचा... सगळं तिथे होतं. आत, सुईच्या टोकाएवढी, ब्रेकची दोन पेडलं होती.

पण ती आमची गाडी नव्हती. तिचा रंग जुन्या बाटलीच्या काचेसारखा होता. जड, मुका.

"गडद वाटते ना?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मला वाटत होती. "आकडे बरोबर आहेत. मी स्वतः तपासलेत."

"आकडे बरोबर असतील. गाडी बरोबर नाही."

"रंग म्हणजे आकडेच असतात. दातांमध्ये चालत असेल अंदाजपंचे, आमच्याकडे नाही चालत."

वाडगा त्याने परत गाडीवर ठेवला. "दातांमध्ये तर मुळीच चालत नाही," तो म्हणाला. "भिंतीचा रंग चुकला तर भिंतीला लाज वाटत नाही. दाताचा चुकला तर माणूस तोंड मिटून हसायला लागतो."

मी चहा न घेता निघाले.

तो आठवडा वाईट गेला. रागाचं मला विशेष नव्हतं. पण भंगारवाल्याचा शनिवार जवळ येत होता आणि मला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. मॉडेल बिघडलं तर तो येणं बंद होईल. मॉडेल छान झालं, तरीही तो येणं बंद होईल. गाडी गेली, मापं संपली, की आमच्या गल्लीत त्याचं काय काम? आणि "काम नसताना ये" हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघेल असं मला वाटत नव्हतं. मी तशी नाही. मला पुरावा लागतो.

शुक्रवारी एक गिऱ्हाईक भिंतीचा रंग निवडत होतं. मी नेहमीचं वाक्य बोलले. "या छोट्या कार्डावर जाऊ नका. लहान तुकड्यावर रंग गडद वाटतो. तोच भिंतभर लावला, की उजळ..."

आणि मी थांबले. गिऱ्हाईक बिचारं माझ्या तोंडाकडे पाहत राहिलं.

लहान तुकड्यावर गडद वाटतो! रोज दहा जणांना सांगते मी हे. आणि तळहाताएवढ्या गाडीपाशी मात्र यंत्राचे आकडे नाचवत बसले!

मी त्याला फोन केला. "रविवारी मॉडेल घेऊन या. आणि लांब टेप."

"मापं घ्यायचीत?"

"हो. मला."

रविवारी आभाळ भरलेलं होतं. मॉडेल हातभर अंतरावर धरलं, तर गाडी तेवढीच दिसायला तिच्यापासून चोवीस हात लांब जायला हवं. टेप धरून आम्ही गल्लीतून मागे मागे गेलो, तो शिंप्याच्या दुकानाच्या पायरीपर्यंत पोचलो. दुकान बंद होतं. पायरी अरुंद होती. एकावर एक नाही, पण जवळजवळ तसेच आम्ही दोघं तिच्यावर उभे राहिलो.

"एक डोळा मिटा," मी म्हणाले. "हात लांब करा. मॉडेल गाडीच्या शेजारी आलं पाहिजे."

त्याने हात लांब केला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला. मी माझा डोळा मिटला आणि त्याचं मनगट दोन बोटांनी जरासं डावीकडे सरकवलं. आता समोर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकाच मापाच्या. मी पेट्रोलचं झाकण आधीच उघडून ठेवलं होतं. तिथला हिरवा ठिपका आणि मॉडेलचा हिरवा... एकच.

"जुळला," मी म्हणाले. "आकडे बरोबर होते."

"होते," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी कानाशी होता. "पण इतक्या लांबून आपल्या माणसाला कोण पाहतं?"

मी डोळा उघडला.

"म्हणजे गाडीला," तो म्हणाला.

"हो... गाडीला." मी घसा साफ केला. "तेच सांगायचं होतं मला. आपण तिला जवळून पाहिलीय. मी तर तिच्या मागच्या सीटवर अभ्यास केलाय. आपल्याला आठवते ती जवळची, मोठी, उजेडातली गाडी. टेबलावरची गाडी तशी वाटायची असेल, तर रंग थोडा फिका करायला हवा. म्हणून... माझे आकडे बरोबर होते, आणि तुम्ही बरोबर होतात. आणि दातांबद्दल मी बोलले ते—"

पावसाचा टपोरा थेंब मॉडेलच्या बॉनेटवर पडला. समोर आमच्या गाडीवर पाऊस बारीक मोत्यांसारखा दिसत होता. इथे एकाच थेंबाने अर्धं बॉनेट झाकलं होतं.

"बघा," तो म्हणाला. "सगळं लहान करता येतं. थेंब तेवढा नाही."

आम्ही पळालो नाही. त्याने मॉडेल शर्टाच्या आत धरलं, आणि आम्ही शिंप्याच्या पायरीवर, पत्र्याखाली, पाऊस थांबेपर्यंत उभे राहिलो. पाऊस लवकर थांबला. आम्ही उशिरा परतलो.

त्यानंतर मी रंग फिका करत गेले. दुसरी बाटली, तिसरी, चौथी. तो प्रत्येक बाटलीचा एक चमचा फवारून आणायचा आणि आम्ही तो खिडकीत, दिव्याखाली, आईच्या हातात धरून पाहायचो. पाचव्या बाटलीचा चमचा आईने हातात घेतला. तिने तो चमचा नुसता अंगठ्याने पुसला, रोज सकाळी काच पुसते तसा.

मला कळलं, झालं. हाच तो रंग.

"जमलंय," तोही म्हणाला. मग चमचा फिरवत, "...जवळजवळ. अजून एकदा प्रयत्न करूया?"

मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी विचार केला. बदलायला काहीच उरलं नव्हतं. मग मी असं काही केलं, जे आजवर कधी केलं नव्हतं. पाचव्या बाटलीतलाच रंग दुसऱ्या बाटलीत ओतला आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: सहा.

शास्त्रात याला चाचणी म्हणतात, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला ते पटलं नाही.

शनिवारच्या आधीच्या रविवारी तो दोन चमचे घेऊन आला. आमच्या गाडीत पुढे बसून पाहू या, असं त्यानेच सुचवलं. तिथला उजेड चांगला म्हणे. तो चालकाच्या जागी बसला, मी आईच्या. त्याने दोन्ही चमचे काचेसमोर धरले, मान तिरकी केली आणि बराच वेळ पाहिलं.

"सहा चांगला आहे," तो म्हणाला. "पण... जरा निळसर नाही वाटत?"

मी घाई केली नाही. दुसऱ्या शक्यता आधी तपासायच्या असतात. थर कमी-जास्त बसला असेल? दोन्ही चमचे सारखेच होते. उजेड? एकच. त्याची नजर? बॉनेटपलीकडून माझ्या दातातली अर्धी छटा ओळखणारी ती नजर. मग एकच शक्यता उरत होती. आणि ती सांगायची, तर आधी मला स्वतःची चोरी सांगावी लागणार होती.

"निळसर?" मी विचारलं.

"किंचित."

"पाच आणि सहा," मी समोर पाहत म्हणाले, "एकाच बाटलीतले आहेत."

गाडीतल्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू आली. ते घड्याळ बंद होतं. टिकटिक माझीच असावी.

"म्हणजे... तुम्ही माझी परीक्षा घेत होतात?"

"नाही. रंग पाचलाच जमला होता."

"मग जमला म्हणून सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू परत आला असतास?"

'तू' बाहेर पडला होता. तो परत घेता येण्यासारखा नव्हता. मी खाली पाहिलं. माझा पाय ब्रेकवर होता आणि मी तो जीव खाऊन दाबत होते. उभ्या गाडीत.

तो हळूहळू हसू लागला. आधी डोळे, मग बाकीचं. "मी डावं दार पहिल्याच दिवशी मोजलं होतं," तो म्हणाला.

"चार वेळा मोजलंस तू ते दार!"

"दर वेळी तेवढंच भरलं."

"आणि मागची काच?"

"तीही."

"खोटारडा."

"दात खोटे करतो, पण याआधी खोटं बोललो नव्हतो. तू बाटलीवर सहा लिहिलंस, तू काय गं मग?"

"मी... मी चाचणी घेत होते."

"निकाल?"

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. तोंड न मिटता हसले. पूर्ण. वरच्या डाव्या दातासकट.

"जुळला," मी म्हणाले.

त्याने चमचे समोर ठेवले आणि माझा हात हातात घेतला. त्याच्या बोटांना रंगाचा आणि थिनरचा वास होता. मला तो वास रोज येतो. त्या दिवशी तो वेगळा होता आणि मी कोणत्याही यंत्राशिवाय ते सांगू शकत होते.

काचेवर टकटक झाली. आई.

"झालं का?" तिने काच खाली करायची खूण केली. "की अजून एक बाटली आणायचीय?"

"आई! तुला माहीत होतं?"

"अगं, मी सगळा जन्म शेजारच्या सीटवर बसून काढलाय. कोणाची गाडी खरंच बंद पडते आणि कोण घरी जायचं नाही म्हणून मुद्दाम बंद पाडतं, हे मला पायाखाली कळतं." मग त्याच्याकडे वळून, "आणि तू रे, आता तरी पुढचा गिअर टाकलास म्हणायचा!"

त्या आठवड्यात त्याने गाडी पूर्ण केली. शुक्रवारी आईच्या हातात दिली. आईने चष्मा लावला, दोन्ही पेडलं पाहिली, पोचे मोजले, आणि मग डावीकडच्या दारावर, जिथे तिचा स्वतःचा पोचा असायला हवा होता, तिथे बोट फिरवलं. दार गुळगुळीत होतं.

"ठेवला असतास तरी चाललं असतं," ती हळूच म्हणाली.

शनिवारी भंगारवाला आला. आईने काच पुसली, किल्ली दिली, आणि ट्रक वळणावर गेला तरी ती पायरीवर उभी होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "चल," ती म्हणाली, "उगाच रस्ता अडवून उभं राहू नये." आत जाऊन तिने छोटी गाडी कपाटावर लावली. नंतर उठून तिचं तोंड दाराकडे केलं.

दुसऱ्या दिवशी दाराची घंटा वाजली.

दारात तो उभा होता. गाडीची रिकामी जागा त्याच्या मागे ओली चमकत होती. त्याच्या हातात पिशवी नव्हती, खोका नव्हता, पेन्सिलही नव्हती. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. म्हणून त्याने ते आधी खिशात घातले, मग बाहेर काढले.

"आज काय काम काढलंस?" मी विचारलं.

"काहीच नाही," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "अजिबात काही नाही."

आतून आईचा आवाज आला. "कोण आहे गं? काय काम आहे म्हणे?"

"काही काम नाही म्हणतो!" मी त्याच्यावरची नजर न काढता ओरडले.

"मग दारात काय उभं केलंयस त्याला?" आई म्हणाली. "काम नसलेल्या माणसाला वेळ लागतो. बसव आत."